भिंतीवरची फळी

आमच्या दोन खोल्यांच्या घरात मुलांची पुस्तकं कॉटखालच्या ट्रंकेत असत. ईदच्या सुट्टीत मी स्वतः भिंतीला फळी ठोकली. चौथ्या रात्री ती पुस्तकांसकट कोसळली. खाली मुलगी झोपली होती. अल्लाहचा शुक्र, थोडक्यात वाचली.

चूक फळीची नव्हती, माझी होती. जुन्या घराचं प्लास्टर जाड. एक इंची प्लग त्यातच राहिले, विटेपर्यंत पोचलेच नाहीत. 3 फूट पुस्तकं म्हणजे 25 किलोच्या आसपास भार, प्लास्टर तो कसा पेलणार? आता ड्रिलने सव्वादोन इंच खोल, थेट विटेत भोक पाडतो, आतली धूळ फुंकून काढतो, लांब प्लग आणि 2 इंची स्क्रू लावतो. लोखंडी ब्रॅकेट दोन नव्हे, तीन. स्विचबोर्डच्या सरळ वर मात्र भोक पाडू नका, आत वायर असते.

लाकूड भंगारवाल्याकडचं, पॅकिंगच्या खोक्याचं पाइन घ्या. स्वस्त पडतं. शिक्का ‘एचटी’ असेल तर ते उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं. ‘एमबी’ म्हणजे विषारी वायूची धुरी, ते घरात नको. पॉलिश पेपर मुलांच्या हाती द्या, हौसेने घासतात.

नवी फळी दाराशेजारी आहे, अंथरुणापासून लांब. रिकाम्या ट्रंकेत मुलांच्या अम्मीने लगेच गोधड्या भरल्या.