पाऊल व घोट्याचे सामान्य विकार आणि पादचिकित्सा : कारंजा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

कारंजा लाड ही श्रीनृसिंहसरस्वतींची जन्मभूमी होय. त्यांच्या संप्रदायात पादुकापूजनाला असाधारण स्थान असून नृसिंहवाडी, औदुंबर व गाणगापूर या तिन्ही क्षेत्री पादुकांचेच दर्शन घेतले जाते. असा पादुकांपुढे मस्तक ठेवणारा भाविक स्वतःच्या तळपायाकडे मात्र क्वचितच पाहतो. प्रस्तुत लेखाचा विषय हे दुर्लक्षित पाऊल आहे.

मानवी पावलात २६ अस्थी व ३३ सांधे असतात. या गुंतागुंतीच्या अवयवासाठी पाश्चात्त्य देशांत पादचिकित्सक, म्हणजे पोडियाट्रिस्ट, हा स्वतंत्र व्यावसायिक असतो. अमेरिकेत त्यासाठी ४ वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम व त्यानंतर रुग्णालयातील ३ वर्षांचे प्रशिक्षण आहे. आपल्याकडे हा व्यवसाय फारसा रुजलेला नाही. अस्थिरोगतज्ज्ञ, शल्यचिकित्सक, त्वचारोगतज्ज्ञ, मधुमेहतज्ज्ञ आणि भौतिकोपचारतज्ज्ञ यांच्यात हे काम विभागले गेले आहे. ज्याचे पाऊल दुखते तो यांपैकी कोणाकडे तरी पोहोचतो. ज्याचे दुखत नाही तो कोणाकडेच जात नाही, आणि पाय गमावण्याची वेळ बहुधा त्याच्यावरच येते.

दुखणारे पाऊल

अध्यापकवर्गाला चांगला परिचित असलेला विकार म्हणजे टाचदुखी. सकाळी उठल्यावर टाकलेल्या पहिल्या काही पावलांना टाचेत तीव्र कळ येते, चालल्यावर ती ओसरते आणि दीर्घकाळ उभे राहिल्यास पुन्हा जाणवते. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत गेलेल्या तळव्यातील जाड पट्ट्यावर वारंवार ताण पडल्याने हे घडते. क्ष-किरण चित्रात टाचेचे हाड वाढलेले दिसले की रुग्ण धास्तावतो. वस्तुतः ज्यांची टाच कधीही दुखली नाही अशा अनेकांतही ते आढळते. म्हणून उपचाराचा रोख ताण कमी करण्याकडे असतो. पोटरी व तळवा ताणण्याचे व्यायाम नेमाने करावेत, घरातील फरशीवरही मऊ पादत्राण वापरावे, टाचेखाली आधार घ्यावा. बहुसंख्य रुग्ण वर्षभरात शस्त्रक्रियेविना बरे होतात. अडचण एवढीच की पंधरा दिवसांत गुण आला नाही म्हणून व्यायाम सोडून दिला जातो.

घोटा मुरगळतो तेव्हा पाऊल आतल्या बाजूस वळून घोट्याच्या बाहेरील अस्थिबंध ताणले वा फाटले जातात. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबताच वेदना होत असेल, तर क्ष-किरण तपासणी करावी. अन्यथा विश्रांती, थंड शेक, पट्टी बांधणे व पाय उंचावर ठेवणे पुरेसे असते. मुरगळलेला पाय त्याच दिवशी गरम तेलाने चोळून घेण्याच्या पद्धतीमुळे सूज वाढते आणि हाड मोडलेले असल्यास अधिक हानी होते. सूज उतरल्यावर एका पायावर तोल सांभाळण्याचा व्यायाम न केल्यास तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो, हे मात्र रुग्णाला फारसे कोणी सांगत नाही.

कुरूप हे दाबामुळे उत्पन्न होते. दाब कायम राहिला तर कापूनही पुन्हा येते. चिखल्यांना पाय कोरडे ठेवणे व बुरशीनाशक मलम हा उपाय आहे. नखे कडेला गोल कोरल्याने अंगठ्याचे नख मांसात रुतते, म्हणून ती सरळ कापावीत.

न दुखणारे पाऊल

वेदना नाहीशी होणे किती घातक असते, हे विदर्भाने कुष्ठरोगाच्या रूपाने जवळून पाहिले आहे. वर्ध्याजवळील दत्तपूर (१९३६), अमरावतीचे तपोवन आणि वरोऱ्याचे आनंदवन या संस्था त्याची साक्ष देतात. १९४६ मध्ये वेल्लोर येथे आलेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, कुष्ठरुग्णाच्या तळव्यावरील जखमा मुख्यतः बधिर पावलावर तोच दाब वारंवार पडल्यामुळे होतात. पाय प्लास्टरमध्ये ठेवून दाब सर्वत्र विभागला की या जखमा भरून येतात, आणि मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या चपलांनी त्या टाळता येतात. हेच तत्त्व पुढे मधुमेही पावलाच्या उपचाराचा आधार ठरले.

दीर्घकालीन मधुमेहात पायाच्या नसा क्षीण होतात. वेदना कळत नाही, घाम कमी झाल्याने त्वचा कोरडी पडून भेगा जातात, बोटे वाकून तळव्याच्या ठरावीक भागावर भार येतो. तेथे घट्टा पडतो व त्याखाली नकळत जखम तयार होते. आपल्या परिसरात याला आणखी निमित्ते मिळतात. पऱ्हाटी व तुरीच्या कापणीनंतर उरलेली धसकटे अनवाणी पायात घुसतात. वैशाखात देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालताना तळव्याला फोड येतात आणि ते घरी परतल्यावर दुसऱ्याच कोणाच्या तरी लक्षात येतात. बाजारात मिळणाऱ्या कुरुपाच्या पट्ट्यांतील आम्ल बधिर त्वचा जाळते. मधुमेही व्यक्तीचे एक पाऊल एकाएकी लाल, गरम व सुजलेले झाले आणि वेदना त्या मानाने अल्प असेल, तर लचक समजून चोळू नये. आतील हाडे खचत असण्याची शक्यता असते. पाय त्वरित स्थिर करावा लागतो.

बधिरता ओळखण्याचे साधन अतिशय साधे आहे. नायलॉनचा एक तंतू तळव्यावर तो वाकेपर्यंत टेकवला की १० ग्रॅम इतका दाब पडतो. डोळे मिटलेल्या रुग्णास तो स्पर्श जाणवला नाही, तर संरक्षक संवेदना गेली असे समजावे. रक्तपुरवठ्यासाठी घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागतात, उत्तर ०.९ पेक्षा कमी आल्यास धमन्या अरुंद झाल्याचे सूचित होते. जखम झालीच तर मृत मांस काढणे, जंतुसंसर्गावर औषध, रक्तपुरवठ्याची तपासणी आणि त्या पावलावर भार न देणे, असा उपचार असतो. यांतील शेवटचा भाग सर्वांत अवघड. जखम दुखत नसल्याने रुग्ण तिच्यावरच चालत राहतो, आणि पेरणीच्या दिवसांत त्याला घरी बसविणे घरच्यांनाही जमत नाही.

स्वतंत्र पादचिकित्सक नसताना काय करता येते, याचे उदाहरण नागपूरचेच आहे. तेथील मधुमेहतज्ज्ञ डॉ. शरद पेंडसे यांनी टांझानियातील डॉ. झुल्फिकारअली अब्बास यांच्यासमवेत ‘स्टेप बाय स्टेप’ हा कार्यक्रम उभा केला; त्यावरील त्यांचा शोधनिबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टर व परिचारिका अशा जोड्यांना पावलाची तपासणी, जखमेची निगा व रुग्णशिक्षण शिकवावे, ही त्यामागील कल्पना.

महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत ग्रामस्थांच्या रक्तातील साखर मोजली जाते; त्यांना चपला काढून तळवे दाखविण्यास मात्र सहसा सांगितले जात नाही. तंतूची तपासणी प्रशिक्षित स्वयंसेवक दोन-तीन मिनिटांत करू शकतो. ज्यांना स्पर्श कळत नाही त्यांची यादी ग्रामीण रुग्णालयाकडे द्यावी. घरी त्यांनी रोज रात्री तळव्याखाली आरसा धरून पाहावे, दिसत नसल्यास नातवंडांकडून पाहून घ्यावे, आणि सकाळी चपलेत पाय घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा वा काटा नसल्याची खात्री करावी.