प्रेमाला मिळालेली सवड

मोबाइलच्या पडद्यावर बोटाने वरून खाली सरकवत वाचायच्या रंगीत चित्रकथेला वेबटून म्हणतात. हा प्रकार दक्षिण कोरियात एकविसाव्या शतकाच्या आरंभी रुजला. दाउम आणि नेव्हर या तेथील दोन मोठ्या इंटरनेट कंपन्यांनी अनुक्रमे २००३ आणि २००४ मध्ये आपापली वेबटून-दालने उघडली आणि आठवड्याला एक प्रकरण या हिशेबाने कथा प्रसिद्ध होऊ लागल्या. या दालनांत लोकप्रिय ठरलेली एक शाखा ‘बॉइज लव्ह’ किंवा ‘बीएल’ या नावाने ओळखली जाते. दोन पुरुषांमधील प्रेम हा तिचा विषय असून तिचे मूळ १९७०च्या दशकातील जपानी चित्रकथांत, केइको ताकेमिया आणि मोतो हागिओ यांच्यासारख्या लेखिका-चित्रकारांच्या कामात सापडते. या शाखेचा लेखकवर्ग आणि वाचकवर्ग आजही मुख्यतः स्त्रियांचा आहे.

बीएलमधील वाचकांच्या विशेष आवडीचा प्रकार म्हणजे महाविद्यालयात घडणारी, अतिशय सावकाश पुढे सरकणारी प्रेमकथा. ‘सिमँटिक एरर’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. जो सू-री यांच्या कादंबरीवरून तिचे वेबटून झाले आणि २०२२ मध्ये तिच्यावर आठ भागांची मालिकाही आली. संगणकशास्त्राचा विद्यार्थी चू सांग-वू हा नियमाला चिकटून राहणारा तरुण. गटाने करायच्या प्रकल्पात ज्यांनी काहीच काम केले नाही, त्यांची नावे तो सादरीकरणातून सरळ वगळतो. त्या नावांत डिझाइन शाखेचा वरिष्ठ विद्यार्थी जांग जे-यंग याचेही नाव असल्यामुळे त्याची पदवी अडकते, आणि सूड म्हणून तो सांग-वूला न आवडणारा लाल रंग अंगावर चढवून रोज त्याच्या शेजारच्या बाकावर येऊन बसू लागतो. वैरापासून सुरू झालेली ही खोडी सवयीत, सवय ओढीत आणि ओढ प्रेमात कधी बदलते, हे दोघांच्याही ध्यानात येत नाही. वाचकाच्या मात्र ते फार आधी येते, आणि कथेची सारी गोडी या अंतरातच असते.

ही संथ गती केवळ लेखकाच्या स्वभावातून आलेली नाही. वेबटूनला पान नसते, त्यामुळे दोन चौकटींमध्ये किती मोकळी जागा सोडायची यावर चित्रकाराचा पूर्ण ताबा असतो. एका चौकटीत पुढे झालेला हात, त्याखाली पडदाभर निव्वळ पांढरी जागा आणि बरेच खाली सरकल्यावर दिसणारी दुसऱ्याची वळलेली मान, अशा रचनेत क्षणाची लांबी वाचकाच्या बोटाला मोजावी लागते. त्याच्या जोडीला बाजाराचे गणितही आहे. कोरियात रूढ झालेल्या एका पद्धतीनुसार ठरावीक काळ थांबणाऱ्या वाचकाला पुढचे प्रकरण फुकट मिळते आणि घाई असणाऱ्याला त्यासाठी पैसे मोजावे लागतात. साहजिकच, प्रेमाची कबुली जितकी लांबेल तितका प्रकाशकाचाही फायदा होतो. मराठी नियतकालिकांतील ‘क्रमशः’ वाचत वाढलेल्या पिढीला ही युक्ती अपरिचित वाटणार नाही.

या कथांना महाविद्यालय का लागते, याचेही कारण स्पष्ट आहे. घराची देखरेख सुटलेली, नोकरीचा जाच अद्याप सुरू न झालेला आणि वसतिगृह, प्रकल्प, स्नेहसंमेलन अशा निमित्तांनी अनोळखी माणसांना एकमेकांजवळ आणणारा तो काळ असतो. मराठीत नेमके हेच निमित्त विजय तेंडुलकर यांनी १९८१ साली रंगभूमीवर आलेल्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकात वापरले. विनय आपटे यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या प्रयोगात सुमित्रा ऊर्फ मित्रा ही भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली होती. कॉलेजच्या नाटकात मित्रा पुरुषाची भूमिका करते, नमा नायिकेची. त्या नाटकाच्या निमित्ताने मित्राला नमाविषयी वाटू लागलेली ओढ पुढे तिच्या साऱ्या आयुष्याचा ताबा घेते. मात्र ही गोष्ट मित्रा स्वतः सांगत नाही. तिच्यावर जीव असलेला, तिला आपली खोली उपलब्ध करून देणारा आणि तरीही तिला पुरते समजू न शकणारा बापू ती सांगतो. नमाचा प्रियकर मन्या दळवी, चव्हाट्यावर येणारे गुपित आणि मित्राची आत्महत्या यांच्या कचाट्यात या प्रेमाला उमलायला सवडच मिळत नाही. ज्या समाजात अशा प्रेमाचे नाव घेणेही धोक्याचे होते, तेथे तेंडुलकरांनी ते आडपडद्याशिवाय प्रेक्षकांपुढे उभे केले, हे नाटकाचे धैर्य. त्याच समाजाने त्या प्रेमाला किती थोडा वेळ दिला, हे त्याचे निदान.

पुढच्या टप्प्यावर सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्ल्यू’ ही २००६ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी येते. पुण्यातील जोशी कुटुंबात राहायला आलेल्या, नाव न सांगितलेल्या पेइंग गेस्टवर घरातील तनय आणि त्याची बहीण अनुजा दोघेही प्रेम करतात. कादंबरीचा पहिला भाग तनयच्या आणि दुसरा अनुजाच्या तोंडून येतो. येथे प्रेमाला वेळ मिळतो, पण तो गेलेल्या माणसाच्या आठवणींचा. वर्तमानात तनयला आपले दुःख घरातल्या कुणाला सांगता येत नाही, कारण घरच्यांच्या लेखी विश्वासघात झालेला असतो तो केवळ अनुजाचा. कुंडलकरांनीच केलेला या कादंबरीवरील चित्रपट २०२२ मध्ये प्रदर्शित झाला.

रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या चित्रपटाला २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. वडिलांच्या निधनानंतर मुंबईहून गावी आलेला आनंद दहा दिवसांच्या दुखवट्यात अडकतो. नातेवाईक त्याच्यामागे लग्नाचा लकडा लावतात, आणि त्याच काळात बालपणीचा मित्र बाळ्या याच्याशी त्याचे नाते नव्याने जुळते. पार्श्वसंगीत नाही, घटनांची घाई नाही, आणि आई मुलाला ओळखून आहे. कोरियन कथा ज्या संथपणासाठी वाखाणली जाते तो येथेही आहे. मात्र तो नातेवाइकांनी भरलेल्या घरात, दहाव्याच्या तयारीत आणि सोयरिकीच्या चर्चेत मिळवावा लागला आहे.

याच बाबतीत वेबटून तोकडे पडते. त्यातील कॉलेजात आईवडील क्वचितच डोकावतात, आणि समाजाचा धाकही पुसट असतो. प्रत्यक्षात दक्षिण कोरियात समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता नाही; तेथील सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अशा जोडीदाराला आरोग्यविम्यात आश्रित म्हणून धरण्याचा हक्क दिला, इतकेच. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दंडसंहितेच्या कलम ३७७ मधून प्रौढांमधील संमतीचे संबंध वगळले, परंतु १७ ऑक्टोबर २०२३ रोजी विवाहाचा हक्क मान्य करण्यास नकार दिला. म्हणजे दोन्ही देशांत कथा कायद्याच्या पुढे चालल्या आहेत.

तरीही या कल्पित सोयीला हसण्याचे कारण नाही. मुंबई–गोवा महामार्गावरील खांबसारख्या गावातून रोह्याला किंवा पेणला कॉलेजात जाणाऱ्या तरुणाला नाटकाचा प्रयोग गाठणे अवघड असते. कपाटातले पुस्तकही घरातल्यांच्या नजरेतून सुटत नाही. हातातला फोन मात्र त्याचा एकट्याचा असतो, आणि त्यावरील कथेत आपल्यासारख्या दोघांना भांडायला, रुसायला, चुकायला आणि पुन्हा भेटायला शंभर प्रकरणे मिळू शकतात, हे त्याला प्रथमच दिसते. स्त्री-पुरुषांच्या प्रेमकथेला हा ऐसपैस वेळ नेहमीच आपोआप मिळत आला. मित्राच्या वाट्याला तो आला नाही. ‘साबर बोंडं’मध्ये तो घरातच मिळाला, आणि त्या दोहोंमधली ४४ वर्षे ही मराठी कथनाने समलिंगी प्रेमाला सामान्य प्रेमाचा दर्जा देण्यासाठी घेतलेली मुदत आहे.