बाभुळगावकर कुठे राहतात?

बाभुळगावात बाभुळगावकरांचं घर शोधत फिरू नये. यवतमाळहून धामणगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव. इथे कोण कोणाला बाभुळगावकर म्हणणार? सगळेच बाभुळगावचे. इथला माणूस नागपूरला किंवा पुण्याला बिऱ्हाड हलवतो, तिथे शेजारी विचारतात, ‘गाव कोन्तं जी?’, आणि दोन पिढ्यांनी त्याचं उत्तर दारावरच्या पाटीवर चढतं. ‘कर’ लावलेलं आडनाव गावात राहून मिळत नाही, गाव सोडावं लागतं. त्यातही मेख अशी की बाभुळगाव एकच नाही. येवल्याजवळ एक आहे, अकोल्याजवळ एक आहे, आणि बाभळी जिथे उगवतात तिथे आणखी असणारच. त्यामुळे बाभुळगावकर भेटला तरी तो बेंबळा नदीच्या काठचा की येवल्याकडचा, हे आडनाव सांगत नाही.

इटलीतही हाच खेळ आहे. लिओनार्दोला ‘दा विंची’ म्हणतात ते तो विंची गावातून फ्लॉरेन्स, मिलान करत हिंडला म्हणून. विंचीतच राहिला असता तर अमक्याचा मुलगा एवढीच त्याची ओळख उरली असती. ‘रोमानो’ म्हणजे रोमकर, पण या आडनावाची दाटी रोमपेक्षा दक्षिणेकडे, नेपल्स आणि सिसिलीच्या बाजूला जास्त. ‘लोंबार्दी’ हे तर उत्तरेच्या लोंबार्दीतून खाली आलेल्यांना दिलेलं नाव. तिकडचे अभ्यासक शेवटच्या अक्षरांवरून माणसाचा प्रांत ओळखतात. बेनेत्तोनसारखं ‘न’वर संपणारं असेल तर व्हेनेतो, ‘इएल्लो’ने संपलं तर नेपल्सकडचं, ‘उ’ने संपलं तर सार्डिनिया. एखादं दुर्मीळ आडनाव एकाच दरीतल्या चारदोन गावांत अडकलेलं असतं, आणि ते अर्जेंटिनात सापडलं तरी मूळ घराणं कुठलं हे नकाशावर बोट ठेवून सांगता येतं.

यवतमाळ जिल्ह्यासाठी तर असा नकाशा कुणीतरी काढायलाच हवा. एका तालुक्याच्या मतदार यादीत चार-पाच दिशांनी आलेले लोक शेजारी शेजारी नांदतात, आणि प्रत्येकाच्या आडनावाची घडण वेगळी. महाराष्ट्रातल्या यादीत आडनाव आधी छापतात, त्यामुळे नजर खाली सरकवली तरी पुरतं.

सर्वांत ठळक घडण ‘वार’ची. कन्नमवार, मुनगंटीवार, वडेट्टीवार, मामिडवार, चिंतलवार, कोत्तपल्लीवार. पुण्या-मुंबईकडच्या माणसाला यात सोमवार-मंगळवार ऐकू येतात आणि तो हसतो. खरं तर हा तेलुगूतला ‘वारु’. अमक्या घराण्याचे लोक, असा त्याचा आदरार्थी बहुवचनी अर्थ. तेलुगूत घराण्याच्या नावाला ‘इंटि पेरु’ म्हणतात, म्हणजे घराचं नाव, आणि ते माणसाच्या नावाच्या आधी येतं. नंदमुरी तारक रामाराव यांच्या नावातलं नंदमुरी ते हेच. पैनगंगा आणि वर्धा ओलांडून ही घराणी वऱ्हाडात, चंद्रपुरात आली तेव्हा इथली रीत नाव, बापाचं नाव, मग आडनाव अशी होती. घराचं नाव पुढून मागे गेलं आणि त्याला ‘वारु’ची शेपटी राहिली ती मराठी वळणाने ‘वार’ झाली. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली आणि खाली नांदेडच्या धर्माबाद-बिलोलीपर्यंत या आडनावांचा पट्टा सलग आहे, आणि तो जुन्या तेलुगू मुलखाच्या सीमेला धरूनच जातो. सोलापुरातही तेलुगू विणकर पिढ्यान्‌पिढ्या राहिले, पण तिथली आडम, बोल्ली ही आडनावं बहुतेक ‘वार’शिवायची. यलगुलवारांसारखा अपवाद सापडतो, तो अपवादच. एकाच भाषेतून निघालेले लोक, पण वऱ्हाडात उतरले ते ‘वार’ झाले आणि सोलापुरात उतरले ते नुसतेच राहिले. मला या सगळ्या शोधात सर्वांत गंमतीची गोष्ट वाटते ती ही.

‘वार’वरून जात ओळखायला जाल तर फसाल. कोमटी व्यापारी, बेलदार, पद्मशाली अशा वेगवेगळ्या समाजांत ते आहे. महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार चंद्रपूरचे, बेलदार समाजातले. कोमट्यांमध्ये आडनावाच्या वर गोत्राचा आणखी एक मजला असतो. पेनुगोंड्याच्या वासवी कन्यका परमेश्वरीच्या कथेत ७१४ गोत्रांपैकी १०२ गोत्रं तिच्या बाजूने उभी राहिली असं सांगतात, आणि आजही लग्न जुळवताना आधी गोत्र विचारलं जातं, आडनाव नंतर.

आता ही आडनावं फोडून पाहा. तेलुगूत ‘मामिडी’ म्हणजे आंबा, ‘चिंत’ म्हणजे चिंच, ‘कोत्त पल्ली’ म्हणजे नवं गाव. चिंतलवारांना मराठी माणूस काळजीने ग्रासलेलं घराणं समजतो, पण ते चिंचेखालचे लोक. कोत्तपल्लीवार म्हणजे आपल्याकडचे नवगावकरच. बोनगिरवार हे नाव उच्चारलं की तेलंगणातलं भोंगीर कानात वाजतं. आंब्याचा धागा पकडून पुढे गेलं तर तो गोंडीत पोचतो. गोंडीत आंब्याला ‘मरका’ म्हणतात, त्यावरून मरकाम. ‘टेका’ म्हणजे साग, त्यावरून टेकाम. ‘इरुप’ म्हणजे मोह, त्यावरून इरपाची. मामिडवार, मरकाम आणि मराठी आंबेकर ही तिन्ही घराणी एकाच झाडाची, पण तिघांना एकमेकांचं नातं ठाऊक नसतं.

गोंड आडनाव मात्र नुसतं आडनाव नसतं, ते कुळ असतं, आणि कुळाला देवांची संख्या चिकटलेली असते. चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे असे गट आहेत. समान संख्येच्या देवांची कुळं भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक नाही. उईके, मडावी, कुमरे, आत्राम, सिडाम ही नावं यवतमाळ जिल्ह्याच्या कुठल्याही बाजारात ऐकू येतात. बाभुळगाव ज्या राळेगाव मतदारसंघात मोडतं तो अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे. तिथून वसंत पुरके आणि अशोक उईके असे दोघे मंत्रिपदापर्यंत गेले, म्हणजे मुंबईच्या मंत्रालयातल्या दारांवरही ही कुळनावं लागून गेली. गोंडांच्या वंशावळी कागदावर नव्हत्या, त्या परधानांच्या तोंडी होत्या. वाद्य घेऊन दारोदार जायचं, कुळाची कथा आणि देवांची नावं गायची आणि बदल्यात धान्य, कापड घ्यायचं, हा त्यांचा वंशपरंपरेचा हक्क. एका अर्थी चालतंबोलतं दप्तर. परधान येणं थांबलं त्या गावात कुळाचा मागचा धागाही तुटला.

बंजाऱ्यांची गोष्ट पुन्हा निराळी. राठोड, पवार, चव्हाण, जाधव ही नावं ऐकून परगावचा माणूस त्यांना मराठे किंवा राजपूत समजतो. तांड्यातले जाधव मूळचे वडतिया गोत्राचे. पैनगंगेच्या अलीकडे महाराष्ट्रात वडतियांचे जाधव झाले आणि पलीकडे तेलंगणात त्याच गोत्राचे लोक अजून वडित्या लावतात. दोन सख्ख्या वस्त्यांमधली सोयरीक आडनावावरून ताडता येत नाही, त्यासाठी गोत्रच विचारावं लागतं. आणि ‘नाईक’ हे तर तांड्याच्या प्रमुखाचं पद. पुसदजवळचं गहुली हे गाव चतुरसिंग राठोड या तांडानायकाने वसवलं, आणि १ जुलै १९१३ रोजी तिथे जन्मलेला त्याचा नातू वसंतराव नाईक या नावाने डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत मुख्यमंत्री राहिला. नाईक हे नाव महाराष्ट्रात शेकडो घराण्यांत आहे, कोकणात, गोव्यात तर पावलोपावली आहे. पण गहुलीच्या नाईकांचं नाव बैलांच्या तांड्यावरून आलंय आणि गोव्याच्या नाईकांचा त्याच्याशी काही संबंध नाही. आडनाव एकच, मुळं वेगळी. आडनाव सारखं दिसलं की नातं जोडायला धावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं. आणि गंमत पाहा. कन्नमवार नोव्हेंबर १९६३ मध्ये गेले, बाळासाहेब सावंतांनी काही दिवस कारभार सांभाळला आणि मग नाईक आले. पाठोपाठ आलेले विदर्भातले दोन मुख्यमंत्री, एकाच्या नावात तेलुगूचा ‘वारु’, दुसऱ्याच्या नावात तांडा.

खुद्द बाभुळगावचं सगळ्यांत गाजलेलं आडनाव मात्र यांपैकी कुठल्याच दिशेचं नाही. स्वातंत्र्यसैनिक, ‘लोकमत’ दैनिकाचे संस्थापक आणि पुढे राज्यात मंत्री झालेले जवाहरलाल दर्डा यांचा जन्म २ जुलै १९२३ रोजी इथला. दर्डा हे ओसवाल जैनांतलं गोत्र, आणि ओसवाल हे नाव जोधपूरजवळच्या ओसियां गावावरून आलेलं. मारवाडातून निघालेली व्यापारी कुटुंबं वऱ्हाडात कापसामागे आली. धामणगावला मुंबई-नागपूर मार्गाचं रेल्वे स्टेशन झालं, यवतमाळकडचा कापूस बाभुळगाववरून तिकडे जाऊ लागला आणि रस्त्यावरच्या गावांत पेढ्या उभ्या राहिल्या. मराठी वाचकाला दर्डा हे नाव इतकं ओळखीचं झालंय की ते दुर्मीळ आहे हेच लक्षात येत नाही. प्रसिद्धी आणि प्रसार या दोन वेगळ्या गोष्टी. मुंबईतल्या वानखेडे स्टेडियमचं उदाहरण याच्या नेमकं उलट. विदर्भाचे शेषराव वानखेडे यांच्या नावाचं ते मैदान, पण वऱ्हाडात वानखडे किंवा वानखेडे म्हटलं तर गावागावातून दहा जण ओ देतील.

इतकी एकसारखी नावं झाली की वऱ्हाड पुन्हा ‘कर’कडे वळतं. देशमुखी हे परगण्याचं वतन, आणि वऱ्हाडात परगणे बरेच, त्यामुळे देशमुखही बरेच. मग कुठले देशमुख, हे सांगणं भाग पडतं. यवतमाळचे दिवंगत आमदार नीलेश पारवेकर हे मूळचे देशमुख, पारवा गावचे. पदाचं नाव मागे पडलं आणि गावाचं पुढे आलं. पाटील, चौधरी, महाजन, देशपांडे यांच्याही घरांत हेच घडलेलं दिसतं.

उरली ती टोपणनावं. ‘बेविलाक्वा’ हे इटालियन आडनाव जसंच्या तसं उतरवलं तर ‘पाणी पी’ असं होतं. कोण्या पूर्वजाने दारू सोडली की दारूच्या नावावर पाणी विकलं, देव जाणे. त्याच्या शेजारी आपल्या पानतावण्यांना बसवावं. ‘अस्मितादर्श’चे संपादक गंगाधर पानतावणे नागपूरचे. त्यांच्या आडनावात पाणी तावणं, म्हणजे तापवणं, स्पष्ट ऐकू येतं. चंद्रपूरचे खासदार शांताराम पोटदुखे केंद्रात अर्थ राज्यमंत्री झाले, आडनाव बदलावं असं त्यांना कधी वाटलं नाही. ताकसांडे, डोईफोडे, वाघमारे, लोखंडे ही नावं कुठल्या तरी एका दिवसाच्या चेष्टेतून किंवा पराक्रमातून निघाली आणि सातबारावर बसली. अशा नावाचा मूळ प्रसंग सांगणाऱ्या गोष्टी प्रत्येक घरात तयार असतात, आणि त्यातली बहुतेक नावानंतर रचलेली असतात. गोष्ट जितकी रंगतदार, तितका तिच्यावर कमी विश्वास ठेवावा, असं माझं मत आहे.

मुळात आडनाव पक्कं झालं ते कागदामुळे. युरोपात १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने पाद्र्यांना लग्नांच्या आणि बाप्तिस्म्यांच्या वह्या ठेवायला लावल्या, म्हणून इटलीतलं घराणं चारशे वर्षं मागे शोधता येतं. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं, मग जमिनीची मोजणी आणि बंदोबस्त झाला, शाळा निघाल्या. आजही कुणाला मूळ शोधायचं तर शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, बंदोबस्ताची मिसल आणि गावच्या कोतवालाने लिहिलेलं जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक याच तीन दारांवर थाप मारावी लागते. कोतवाल बुकात बहुधा माणसाचं नाव, बापाचं नाव आणि जात एवढंच असतं, आडनावाची जागा कोरी. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधायला बसली तेव्हा असले जुने कागद मोठ्या प्रमाणावर बाहेर निघाले आणि आपल्या पणजोबाला आडनावच नव्हतं हे अनेकांना कळलं.

आडनाव किती घरांत आहे, हे आपल्याकडची जनगणना सांगत नाही, त्यामुळे दुर्मीळ कोणतं आणि मुबलक कोणतं हे मतदार यादीवरूनच ताडावं लागतं. आणि यादीतून एखादं नाव हळूच गळतंही. कुणाला ते शाळेत चिडवतात म्हणून नको असतं, कुणाला त्यातून जात दिसते म्हणून, कुणाच्या घरात मुलीच असतात आणि त्या सासरचं नाव घेतात. बदललेल्या नावांची नोंद महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात छापून येते, जुनं नाव आणि नवं नाव एकापुढे एक. ढीगभर राजपत्रं चाळायची तयारी असेल तर गेल्या काही दशकांत वऱ्हाडातून कोणकोणती आडनावं उठून गेली आणि त्यांच्या जागी कोणती आली, याचा हिशेब तिथे ओळीओळीने लागलेला आहे.