नगरीचे पक्षी : वठलेल्या फांदीची कैफियत

ठाण्याच्या खाडीतील रोहितांविषयी या आठवड्यात लिहीन असे गेल्या लेखांकाच्या अखेरीस मी कबूल केले होते, आणि 2015 साली अभयारण्य व 2022 साली रामसर स्थळ म्हणून जाहीर झालेल्या त्या खाडीच्या चिखलात हजारो पक्ष्यांचा शिधा कसा तयार होतो याची टिपणेही जुळवून ठेवली होती. परंतु मध्यंतरी एका वाचक भगिनींचे पत्र आले, आणि त्यातील प्रश्न असा निकडीचा निघाला की रोहितांना थांबवण्यावाचून गत्यंतर उरले नाही. त्यांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आवारात एक जुना पर्जन्यवृक्ष आहे. त्याची एक आडवी फांदी पूर्णपणे वठलेली आहे. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत ती काढून टाकावी असा ठराव व्यवस्थापक समितीने एकमताने मंजूर केला आहे. आणि नेमक्या त्याच फांदीच्या खालच्या अंगाला तांबटाच्या जोडप्याने लिंबाएवढे वाटोळे भोक कोरून संसार थाटला आहे. सुकलेल्या लाकडासाठी समितीशी वैर पत्करावे काय, असे त्या विचारतात.

पत्करावे, असे माझे मत आहे, आणि त्याची कारणे सांगण्यात हा सबंध लेखांक खर्ची पडला तरी मला त्याची खंत वाटणार नाही.

नागरी दप्तरात वठलेल्या फांदीला स्वतःचे असे अस्तित्वच नसते. ती असते ती ‘सुकलेली, सबब धोकादायक’ एवढ्या शेऱ्यापुरती. तांबटाची दृष्टी मात्र वृक्ष अधिकाऱ्याच्या दृष्टीच्या नेमकी उलट असते. सुताराची चोच जिवंत खोडावरही घाव घालू शकते. तांबटाची चोच आखूड, जाड, उंबर आणि पिंपळाची फळे खुडण्याला योग्य अशी असल्यामुळे रसरशीत लाकडापुढे तिचा निभाव लागत नाही. त्याला हवी असते ती अशी फांदी की जिच्यातील रसप्रवाह थांबला आहे, जिचा गाभा कवकांनी भुसभुशीत केला आहे, परंतु जिची वरची साल आणि बाहेरचे कवच पिलांचा भार पेलण्याइतके अद्याप शाबूत आहे. शेवगा, पांगारा यांसारखी मऊ लाकडाची झाडे त्याला विशेष प्रिय असतात. फांदी आडवी असली की भोक खालच्या बाजूला कोरता येते आणि वळवाच्या सरीचे पाणी आत शिरत नाही. मरणाची सुरुवात आणि कुजण्याची अखेर यांच्या मधला हा अल्प कालखंड, एवढाच त्या फांदीचा पक्ष्यांच्या उपयोगाचा काळ. आणि शहरात आपण तिला सुकू लागताच कापून टाकतो.

ढोलीत राहणाऱ्या पक्ष्यांचे दोन वर्ग आहेत, हे नियमित वाचकांना आठवत असेलच. सुतार, तांबट, कुटुर्गा हे स्वतः घर कोरणारे. आणि पोपट, साळुंकी, दयाळ, पिंगळा, राखी धनेश हे दुसऱ्याने कोरलेल्या किंवा काळाने पोखरलेल्या घरात बिऱ्हाड करणारे. दुसऱ्या वर्गाला शहरात अन्नाची ददात फारशी पडत नाही. पिंगळ्याला आमच्या दिव्यांखाली जमणारे किडे पुरतात, आणि साळुंकीला तर काहीही पुरते. त्यांची अडचण निवाऱ्याची आहे, अन्नाची नव्हे. धनेशाची मादी ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते, केवळ चोचीपुरती फट ठेवते आणि नराने आणून दिलेल्या फळांवर कित्येक आठवडे आत कोंडून राहते. तिला सामावून घेणारी पोकळी ज्या वृक्षात असते त्याचे वय बहुधा त्याखालच्या इमारतीहून अधिक असते.

घराच्या या टंचाईचा सर्वांत सुंदर पुरावा मला डॉ. सालिम अलींच्या बालपणात सापडतो. 1906-07 च्या सुमारास, म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या वयात, त्यांनी एक टिपण लिहून ठेवले होते आणि ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ या 1985 सालच्या आत्मचरित्रात ते उद्धृतही केले आहे. एका भोकात चिमणी अंड्यांवर बसलेली, बाहेर खिळ्यावर चिमणा पहाऱ्याला. या मुलाने तो चिमणा छर्ऱ्याच्या बंदुकीने टिपला, तर थोड्याच वेळात दुसरा चिमणा त्याच खिळ्यावर रुजू झाला. सात दिवसांत अशा आठ नरांचा बळी गेला, आणि दर वेळी जागा भरून निघाली. ते टिपण लिहिणाऱ्या मुलाला त्यात आपल्या नेमबाजीची फुशारकी दिसली असेल, आणि पुढे त्या पक्षिशास्त्रज्ञाला चिमण्यांच्या दाम्पत्यजीवनाविषयीचा दाखला दिसला. मला मात्र त्यात जागेच्या भावाची नोंद दिसते. त्या चिमणीचे रूपगुण आठ उमेदवारांना मोहून टाकण्याइतके असामान्य होते असे मानण्याचे कारण नाही. तिच्याजवळ एक भोक होते, आणि भोकावाचून ताटकळलेले चिमणे मुंबईत त्या काळीही मुबलक होते.

जुनी कौले, वाड्यांच्या भिंतींतील कोनाडे आणि चाळींचे वासे गेले तेव्हा चिमण्यांची जी दैना झाली ती सर्वांना ठाऊक आहे, आणि त्यावर लाकडी पेट्यांचा उपाय सुजाण मंडळींनी केलाही. चिमण्यांपुरता तो ठीक आहे. तांबटाला मात्र तयार खोलीचे आकर्षण नसते; त्याला स्वतः कोरावयाचे असते, आणि रात्रीच्या मुक्कामासाठीही तो अशीच ढोली वापरतो.

कायद्याची भाषा या बाबतीत अंशतः साहाय्य करते. 1975 च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमात 2021 साली दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षे वा अधिक वयाच्या झाडाला वारसावृक्षाचा दर्जा मिळाला; तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावावीत अशीही तजवीज झाली. हेतू स्तुत्य आहे. परंतु 60 वर्षांच्या वृक्षाच्या मोबदल्यात लावलेल्या 60 रोपांत मिळून एका पिंगळ्यापुरतीही ढोली नसते, आणि पुढची कित्येक वर्षे नसणार. याउलट 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने ‘शिकार’ या संज्ञेत पक्ष्यांच्या अंड्यांची नासधूस आणि अंड्यांना वा घरट्यांना दिलेला उपद्रव यांचाही समावेश केला आहे. समितीच्या बैठकीत हे वाक्य शांतपणे उच्चारावे, त्याचा परिणाम होतो.

खरा घोटाळा आहे तो मोसमाचा. नगरपालिकांची छाटणी एप्रिल-मे महिन्यांत, वादळवाऱ्याच्या भीतीने, घाईघाईने उरकली जाते. आणि तांबट, दयाळ, धनेश यांच्या विणीचा भर नेमका त्याच महिन्यांत असतो. हेच काम ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये केले तर फांद्या तितक्याच कापल्या जातील आणि पिले मरणार नाहीत. या एका बदलाला नवा कायदा लागत नाही, अनुदान लागत नाही. लागते ते केवळ कंत्राटाच्या कागदावरील तारखांत फेरफार करण्याचे मन.

आता भगिनींच्या फांदीविषयी. प्रथम सकाळी तासभर खाली उभे राहून पाहावे. भोकाखाली ताजा भुसा पडत असेल तर कोरणी अजून चालू आहे. जोडपे आळीपाळीने आत जाऊन बराच वेळ बसत असेल तर अंडी आहेत, आणि ती सुमारे दोन आठवडे उबवावी लागतात. चोचीत फळ घेऊन वारंवार ये-जा चालली असेल तर पिले आहेत, आणि ती उडून जाईपर्यंत महिनाभर तरी धीर धरावयास हवा. फांदी मुलांच्या खेळण्याच्या जागेवर आली असेल तर समितीची भीती मी खोटी म्हणणार नाही. तेथे पावसाळ्यापुरती खालची जागा दोरी लावून मोकळी ठेवावी. पुढे ऑक्टोबरात ती कापतानाही बुंध्याशी सपाट न कापता दोन-तीन हातांचा खुंट राखून ठेवावा. तो खुंट डोक्यावर पडण्याचा संभव फार कमी असतो आणि पुढच्या हंगामात तो कोरण्याजोगा होतो.

उद्यान खात्याकडे जो अर्ज करावयाचा त्यात फांदी सुकलेली आहे हे मुळीच नाकारू नये, अन्यथा पाहणीला आलेला कर्मचारी तेवढ्यावरच अर्ज निकालात काढील. ती सुकलेली असून तीत चालू घरटे आहे, सबब छाटणी तहकूब व्हावी, असा मजकूर लिहावा, तारखेसह छायाचित्र जोडावे आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. एक प्रत संस्थेच्या दारावरील पहारेकऱ्याच्या हवाली करावी. कारण कंत्राटदाराची माणसे करवती घेऊन येतात तेव्हा त्यांच्या हातात झाडाचा क्रमांक तेवढा असतो, आणि खात्याचा हुकूम त्यांच्यापर्यंत पोचेतो फांदी जमिनीवर आलेली असते.