ताटाशेजारची वाईन: इटलीचे प्रांत आणि आपले गैरसमज

पिंपरी-चिंचवडला इटली पहिल्यांदा भेटली ती स्कूटरच्या रूपात. पियाज्जोच्या परवान्यावर बजाजने 1960 च्या दशकात व्हेस्पा बनवल्या आणि आकुर्डीचं नाव घरोघरी गेलं. पुढे पियाज्जो स्वतः बारामतीला आली, फियाट रांजणगावला. इटलीची वाईन या पट्ट्यात पोचायला मात्र बराच उशीर झाला. आता थेरगावकरांना डांगे चौक किंवा वाकडच्या बाजूच्या एखाद्या मोठ्या दुकानात कियांती किंवा प्रोसेक्को मिळून जाते. पण घरी आणल्यावर ती प्यायली जाते व्हिस्कीच्या रीतीने. आधी ग्लास, सोबत शेंगदाणे आणि चकली, दोन तास गप्पा, आणि मग जेवण. इटालियन वाईनविषयीचे निम्मे गैरसमज या क्रमातूनच जन्माला येतात.

इटलीत वाईन ताटाशेजारी बसते. देशाचे प्रांत वीस, आणि विसांतही वाईन होते. द्राक्षाच्या देशी जाती शेकड्यांनी. डोंगराळ पिएमोन्तेची वाईन तिथल्या मांसाच्या जड रश्श्यांबरोबर घडली, सिसिलीची तिथल्या माशांबरोबर आणि वांग्या-टोमॅटोबरोबर. घास काढून घेतला की अशी वाईन अर्धीच उरते.

गैरसमज: आंबट लागली म्हणजे बाटली खराब आहे

महाराष्ट्रात कित्येकांनी चाखलेली पहिली वाईन म्हणजे गोव्याहून आणलेली स्वस्त ‘पोर्ट’. गोड, दाट, घशाखाली सहज उतरणारी. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोरो नदीच्या खोऱ्यातली. द्राक्षरस आंबत असतानाच त्यात द्राक्षाचं मद्य मिसळून ते आंबणं थांबवतात, म्हणून ती गोडही राहते आणि 19-20 टक्क्यांपर्यंत कडकही होते. आपल्याकडच्या ‘पोर्ट’चा तिच्याशी फारसा संबंध नाही, पण वाईन गोडच असते ही समजूत तिने पक्की करून ठेवली. त्यामुळे टस्कनीची कियांती उघडली, पहिला घोट घेतला, जिभेच्या कडा आंबल्या, हिरड्या कोरड्या पडल्या, की निकाल लागतो: दुकानदाराने जुना माल दिला.

माल बहुतेक वेळा ठीक असतो. कियांतीचं मुख्य द्राक्ष सांजोवेझे, आणि ते मुळातच आंबटसर. हिरड्यांवरचा कोरडेपणा टॅनिनमुळे येतो. जास्त उकळलेला कोरा चहा तोंडाला जसा तुरट लागतो तसंच हे, कारण दोन्हीकडचे घटक एकाच कुळातले. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. समोर मांस किंवा चीज असलं की टॅनिनला पकडायला दुसरी प्रथिनं मिळतात, आणि तोच घोट मऊ होतो.

हे पडताळायला दोन मिनिटं पुरतात. आधी नुसत्या कियांतीचा एक घोट घ्यावा. मग मटणाच्या सुक्क्याचा किंवा टोमॅटोत शिजलेल्या कशाचाही एक घास, आणि घास गिळता गिळता दुसरा घोट. टोमॅटोच्या आंबटपणापुढे वाईनचा आंबटपणा मागे सरतो. मघाशी दबलेला चेरीसारखा वास आता वर येतो. बाटली तीच असते आणि ग्लासही तोच.

खरोखर बिघडलेली बाटली नाकाला कळते. ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट वास आला तर बुचातून दोष उतरला आहे. व्हिनेगर किंवा नेलपॉलिशचा वास मारत असेल तर ती परत करावी. नुसती आंबट असेल तर जेवण वाढून घ्यावं.

गैरसमज: इटालियन वाईन म्हणजे लाल वाईन, आणि ती पिझ्झासोबत

इटलीत पिझ्झासोबत बिअर मागवणारे लोक ढिगाने सापडतील. लाल-पांढऱ्या चौकड्यांचा टेबलक्लॉथ आणि गवताने विणलेल्या आवरणातली गोलमटोल कियांती हे चित्र परदेशातल्या इटालियन हॉटेलांनी जगभर नेलं. प्रत्यक्षात एका प्रांताच्या वाईनवरून दुसऱ्या प्रांताच्या वाईनचा अंदाज बांधता येत नाही.

पिएमोन्तेची बारोलो नेब्बिओलो या एकाच द्राक्षाची. रंगाने फिकी, पण टॅनिन जबरदस्त. बाजारात येण्याआधी ती किमान 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 लाकडी पिंपात. त्याच प्रांतातली मोस्कातो दास्ती पांढरी, गोड, हलक्या बुडबुड्यांची आणि जेमतेम पाच-साडेपाच टक्क्यांची. एमिलिया-रोमान्याची लांब्रुस्को तर लाल असून फसफसते, आणि गारच पितात. चरबीदार मांस आणि पार्मेजान चीजचा तो प्रांत, तिथल्या जेवणात तोंड साफ करायचं काम हे बुडबुडे करतात. आपल्याकडे तळणीच्या ताटाला, म्हणजे कोथिंबीर वडी, अळूवडी, कांदाभजी यांना, कोरडी लांब्रुस्को किंवा प्रोसेक्को याच कारणाने शोभते.

लेबलही फसवतं. ‘मोंतेपुल्चानो द’अब्रुझ्झो’ या नावात मोंतेपुल्चानो हे द्राक्ष आहे. ‘व्हिनो नोबिले दी मोंतेपुल्चानो’ या नावात ते टस्कनीतलं गाव आहे, आणि त्या गावच्या वाईनचं मुख्य द्राक्ष सांजोवेझे. दुकानात दोन्ही शेजारी ठेवलेल्या असतात, किमतीत बरंच अंतर असतं, आणि गिऱ्हाईक स्वस्तातली उचलून महागड्या वाईनची अपेक्षा ठेवतं.

सरकारी दर्जाचंही तसंच. इटलीने 1963 साली डीओसी ही प्रांतनिहाय नियमांची व्यवस्था आणली, तिच्या वर डीओसीजी. कुठलं द्राक्ष, कुठल्या हद्दीतलं, किती मुरवलेलं, याची ही हमी असते; चवीची नव्हे. टस्कनीत सासिकाया आणि तिन्यानेल्लो या वाईन नियमांत बसत नव्हत्या, म्हणून सर्वांत खालच्या ‘टेबल वाईन’ या दर्जाने विकल्या गेल्या. तरीही त्या देशातल्या सर्वांत महाग वाईनमध्ये गणल्या जाऊ लागल्या. शेवटी 1994 साली सासिकायाला डीओसीत सामावून घ्यावं लागलं.

गैरसमज: तिखटाला कडक लाल वाईन हवी

तांबडा रस्सा झणझणीत, म्हणून त्याच्या तोडीची दणकट वाईन, हा हिशेब ऐकायला बरोबर वाटतो. तोंडात नेमकं उलट घडतं. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या संवेदकाला पेटवतं, तो मुळात उष्णता ओळखणारा संवेदक आहे. इटालियन संशोधकांनी 2002 साली दाखवून दिलं की अल्कोहोल हाच संवेदक जास्त हळवा करतं: एरवी सुमारे 42 अंशांना जागा होणारा तो अल्कोहोलच्या संपर्कात 34 अंशांच्या आसपासच जागा होतो. म्हणजे शरीराचं साधं तापमानही त्याला चटका वाटू लागतं. त्यात टॅनिनची तुरट खरखर आली की रश्श्याचं तिखट दुप्पट झाल्यासारखं वाटतं. व्हेनेतोची अमारोने सुकवलेल्या द्राक्षांची, 14 टक्क्यांच्या वरची. तिच्यावर चार पैसे जास्त खर्च करून ती मटणाच्या तांबड्या रश्श्याशेजारी ठेवणं म्हणजे दोघांवरही अन्याय.

तिखटाला अल्कोहोल कमी, थोडी गोडी आणि गारवा लागतो. मोस्कातो दास्ती इथे कामाला येते. लोक तिला बायकांची वाईन म्हणून बाजूला सारतात, पण मिसळीच्या तर्रीपुढे तिच्याइतकी टिकणारी बाटली सहज सापडत नाही. मात्र पुरणपोळी किंवा श्रीखंडाबरोबर ती घेताना जपावं. पदार्थ वाईनपेक्षा गोड झाला की वाईन पाणचट लागते.

गैरसमज: मांसाला लाल, माशाला पांढरी

हा नियम निराधार नाही, अपुरा आहे. लाल वाईनबरोबर मासा खाल्ला की कधीकधी तोंडात उग्र हिमूस वास राहतो. 2009 साली जपानी संशोधकांनी वेगवेगळ्या वाईन शिंपल्यांतल्या मांसासोबत चाखून पाहिल्या. त्यांना हा दोष वाईनमधल्या लोहाशी जोडलेला आढळला. लोह कमी असलेल्या लाल वाईनने तो त्रास दिला नाही. टस्कनीच्या लिव्होर्नो बंदरात काच्चुक्को हा माशांचा लाल रस्सा खुशाल लाल वाईनसोबत खातात, त्यात टोमॅटो आणि लसूण भरपूर असतो. माशापेक्षा मसाला काय आहे, हे आधी पाहावं. रवा लावून तळलेल्या सुरमईला सार्डिनियाची व्हर्मेंतिनो किंवा व्हेनेतोची सोआवे. मालवणी वाटणातल्या कालवणाला गार केलेली, हलकी, कमी टॅनिनची लाल चालून जाते.

काही छोटे, चिवट गैरसमज

लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा सल्ला युरोपातल्या दगडी घरांचा आहे, 16-18 अंशांच्या खोल्यांचा. थेरगावात एप्रिलच्या दुपारी पारा 38 च्या पुढे जातो. त्या उबेत वाईनमधून फक्त अल्कोहोलचा भपकारा येतो. लाल बाटलीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी, त्यात काही कमीपणा नाही.

ग्लास फिरवल्यावर काचेवरून ओघळणारे ‘अश्रू’ पाहून वाईन उंची आहे असं सांगणारे भेटतात. ते ओघळ अल्कोहोल आणि पाण्याच्या पृष्ठताणातल्या फरकाने तयार होतात. त्यामागच्या परिणामाला पाव्हियात शिकलेले इटालियन शास्त्रज्ञ कार्लो मारांगोनी यांचं नाव आहे. दर्जाचं त्यातून काहीच कळत नाही. ग्लास फिरवायचा तो वास मोकळा व्हावा म्हणून. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग नाकाने ओळखला जातो, म्हणून ग्लास तिसरा हिस्साच भरावा.

जुनी तेवढी चांगली हेही खरं नाही. बारोलो वर्षानुवर्षं सुधारते, पण बहुतेक वाईन दोन-चार वर्षांत पिण्यासाठीच बनवलेल्या असतात. महाग तेवढी चांगली हेही नाही: आयात वाईनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं दीडशे टक्के सीमाशुल्क राहिलं आहे. पुण्यातल्या किमतीवरून इटलीतला दर्जा ठरवणं त्यामुळे अशक्यच.

गैरसमज: इटलीचं द्राक्ष इथे येणार नाही

थेरगावाहून चारेक तासांवर, सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यात, अकलूजच्या परिसरात सांजोवेझेच्या बागा उभ्या आहेत. त्या फ्रातेल्ली कंपनीच्या, आणि फ्रातेल्ली या इटालियन शब्दाचा अर्थ भाऊ. इटलीचे सेक्की बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू असे तीन घरचे भाऊ एकत्र आले, टस्कनीचे वाईनतज्ज्ञ पिएरो मासी जोडले गेले, आणि फ्रातेल्लीची वाईन तयार झाली. त्यांची ‘सेत्ते’ सांजोवेझे आणि काबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षांची. ‘सांजोवेझे बियांको’ तर लाल द्राक्षापासून केलेली पांढरी वाईन आहे. द्राक्षाचा रंग सालीत असतो, रस बहुधा बिनरंगी. साल लगेच वेगळी केली की लाल द्राक्षाची पांढरी वाईन होते.

टस्कनीतला शेतकरी हिवाळ्यात एकदा छाटणी करतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्ष खुडतो. आपल्याकडे वेल हिवाळ्यात झोपत नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरल्यावर गोडी छाटणी, आणि साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. उन्हाने द्राक्षात साखर लवकर चढते आणि आंबटपणा उतरतो, त्यामुळे काढणीचा दिवस ठरवणं हीच इथली मोठी परीक्षा. इथलं सांजोवेझे टस्कनीसारखं लागावं ही अपेक्षाच चुकीची आहे. ते जास्त पिकलेलं, कमी आंबट लागतं, आणि भरल्या वांग्यासोबत किंवा सुक्क्या मटणासोबत झकास जमतं.

गैरसमज: वाईन म्हणजे दारू नव्हे

जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकायला मंजुरी दिली, त्यावरून महाराष्ट्रभर हा वाद पेटला आणि निर्णय अमलात आला नाही. धोरण काय असावं हा वेगळा प्रश्न. शरीराचा हिशेब मात्र सरळ आहे. 13 टक्क्यांच्या वाईनचा 150 मिलिलिटरचा एक ग्लास म्हणजे 19.5 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीचा 30 मिलिलिटरचा पेग म्हणजे सुमारे 13. वाईनचा एक ग्लास छोट्या पेगला मागे टाकतो, आणि यकृताला बाटलीवरचं चित्र दिसत नाही.

लाल वाईन हृदयाला चांगली, हाही जुना दिलासा. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. औषध म्हणून वाईन सुरू करायला डॉक्टर सांगणार नाहीत, आणि जो पीत नाही त्याने चवीखातर सुरुवात करावी असंही काही नाही. गाडी चालवायची असेल तर कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. ‘फक्त वाईनच घेतली’ हे उत्तर नाकाबंदीवर चालत नाही.

जे घेतात त्यांच्यासाठी इटलीची पद्धत इथेही कामाची आहे: जेवणासोबत एक ग्लास, शेजारी पाण्याचा तांब्या. 750 मिलिलिटरच्या बाटलीत असे पाच ग्लास असतात आणि ती एका रात्रीत संपवण्याची सक्ती नाही. बूच घट्ट लावून बाटली उभी फ्रिजमध्ये ठेवली की लाल आणि पांढरी वाईन तीन-चार दिवस बरी राहते. बुडबुड्यांची मात्र दुसऱ्या दिवशीच संपवावी. तीन-चार दिवसांनंतरही उरलेली लाल वाईन मटण शिजताना कांदा-टोमॅटो परतून झाल्यावर भांड्यात ओतावी आणि झाकण न ठेवता चांगली आटू द्यावी.