पाचवे शील आणि कल्याणमित्रांची बैठक

दि. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील सतरावी दारू न पिण्याची आहे. विहारात वंदनेच्या वेळी आपण पाचवे शीलही ग्रहण करतो. तरीही विहारातून बाहेर पडल्यावर आपल्याच वस्तीत, कित्येकदा आपल्याच घरात, दारूने खचलेला माणूस आपणास भेटतो. त्याने प्रतिज्ञा ऐकलेली नसते असे नाही. त्याने ती अनेकदा घेतलेली असते आणि अनेकदा मोडलेली असते. अशा माणसास केवळ प्रतिज्ञेचे स्मरण देऊन भागत नाही. मग काय करावे, याचा विचार आम्ही येथे मांडीत आहोत.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मद्यपानाचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत: धनहानी, कलहवृद्धी, रोग, अपकीर्ती, निर्लज्जता आणि बुद्धिनाश. व्यसनी माणसास हे सहाही ठाऊक असतात, कारण तो ते रोज भोगीत असतो. ज्ञान असूनही त्याला थांबता येत नाही, हेच या व्याधीचे लक्षण होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणातही मद्याच्या अवलंबित्वाची गणना विकारांत केलेली आहे. म्हणून त्याला पतित ठरवून दूर लोटणे हे अज्ञान आहे. शील मोडल्याच्या लज्जेने तो विहारात येईनासा होतो आणि आपण त्याची चौकशी करीत नाही, हा दोष आपला आहे.

संयुत्तनिकायात एक प्रसंग आहे. कल्याणमित्रता हे अर्धे ब्रह्मचर्य आहे, असे आनंद म्हणाले. तेव्हा ते अर्धे नव्हे, संपूर्ण ब्रह्मचर्य आहे, असे तथागतांनी सांगितले. भिक्खुसंघातही दर पंधरवड्यास उपोसथाच्या निमित्ताने भिक्खू एकत्र येतात आणि घडलेला दोष सहकाऱ्यापाशी प्रकट करतात. दोष लपविल्याने वाढतो आणि समदुःखी माणसापाशी उघड केल्याने हलका होतो, हे सत्य त्यामागे आहे.

आधुनिक काळात याच सत्याचा अनुभव दोन मद्यपींना आला. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन येथे शेअर दलाल बिल विल्सन आणि शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ यांची भेट झाली. एका मद्यपीचे बोलणे दुसऱ्या मद्यपीस जितके पटते तितके उपदेशकाचे पटत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले आणि ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही चळवळ जन्मली. भारतात तिचा आरंभ १९५७ साली मुंबईत झाला. आज नागपुरातही तिच्या बैठका भरतात. तेथे शुल्क नाही, नोंदवही नाही, आडनाव विचारले जात नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. प्रत्येकजण स्वतःचा अनुभव सांगतो, इतर ऐकतात, कोणी न्यायनिवाडा करीत नाही. जन्मभराची शपथ न घेता फक्त आजचा दिवस दारूविना काढावयाचा, ही त्यांची रीत. अन्य मादक द्रव्यांसाठी ‘नार्कोटिक्स अनॉनिमस’ आणि कुटुंबीयांसाठी ‘अल-अनॉन’ आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी स्थापिलेल्या मुक्तांगण केंद्रातही बऱ्या झालेल्या मित्रांचा आधार हा उपचाराचा भाग आहे.

येथे आपल्या वाचकांच्या मनात एक शंका येईल. या चळवळीच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे; बावीस प्रतिज्ञा घेतलेल्याने तेथे जावे काय? आमच्या मते अवश्य जावे. त्या पायऱ्या सक्तीच्या नसून सुचविलेल्या आहेत. १९३९ च्या त्यांच्या मूळ ग्रंथात अज्ञेयवाद्यांसाठी स्वतंत्र प्रकरणच आहे. बैठकीत प्रार्थना झाली, तर आपण शांत बसावे. ज्या शक्तीचा आधार घ्यावयाचा ती शक्ती म्हणजे तो समूहच, असे मानणारे सभासद पुष्कळ आहेत. अमेरिकेत २०१९ पासून ‘रिकव्हरी धर्मा’ या नावाने चार आर्यसत्ये व अष्टांगिक मार्ग यांवर आधारलेल्या बैठकाही चालतात.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. जो रोज पुष्कळ पितो, त्याने एकाएकी दारू बंद केल्यास दोन-तीन दिवसांत थरकाप, झटके व भ्रम उद्भवू शकतात आणि जिवावरही बेतू शकते. म्हणून प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. नागपुरात मेडिकलचा मानसोपचार विभाग आणि प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. केंद्र शासनाच्या १४४४६ या दूरध्वनी क्रमांकावर व्यसनमुक्तीविषयी मार्गदर्शन मिळते. बैठक ही उपचाराची जोड आहे, उपचाराचा पर्याय नव्हे.

विहार समित्यांना आमची विनंती एवढीच, की आठवड्यातून एक संध्याकाळ विहाराची एक खोली अशा बैठकीसाठी मोकळी ठेवावी. भाषण नको, हारतुरे नकोत. पहिल्या दिवशी एकच माणूस आला, तरी दिवा लावून बसावे. तो पुन्हा घसरला, तरी पुढच्या आठवड्यात त्याच्यासाठी दार उघडे असावे. शील हे शिक्षापद आहे. आणि शिकणारा चुकतो, म्हणून त्याची शाळा बंद करावयाची नसते.