एका दिव्याने सांभाळलेला सूर

गेल्या गणेश चतुर्थीला ज्या वाचकांनी आमच्या मंडळाची झाकरी ऐकली, त्यांना लाऊडस्पीकरची घरघरही आठवत असेल. ढोलकी ठीक वाजे, पण गायकांचा आवाज चढला की तो फाटे. मंडळाच्या बैठकीत नवा अँप्लिफायर घ्यायचे जवळजवळ ठरलेच होते. आम्ही मध्येच बोललो की दोष कोणाचा ते आधी पाहू, पैसे मग खर्चू. बोलून बसलो खरे, आणि काम आमच्याच गळ्यात पडले.

गाणे लावून असा दोष सापडत नाही. तंबोऱ्याची एक तार छेडली तरी मूळ सुराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूर उमटतात, आणि त्यांतच तिची गोडी असते. यंत्राने आपल्या पदरचे असेच सूर मिसळले तर ते वेगळे कसे ओळखायचे? त्यासाठी यंत्रात अगदी एकटा सूर सोडावा लागतो. त्याची आकृती म्हणजे साइन लहर. बाहेर जे जास्तीचे निघेल ते यंत्राचे. या जास्तीच्या भागाला डिस्टॉर्शन म्हणतात आणि तो शेकड्यात मोजतात. मात्र आत सोडलेला सूर त्या यंत्राहून पुष्कळच शुद्ध हवा, नाहीतर खोट्या मापाने तांदूळ मोजल्यासारखे होईल.

असा सूर देणाऱ्या यंत्राला ऑसिलेटर म्हणतात. तो स्वस्तात आणि शुद्ध कसा करावा, हे विल्यम ह्यूलेट या तरुणाने १९३९ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील आपल्या प्रबंधात दाखवले. त्याने व डेव्हिड पॅकर्ड याने पालो आल्टो गावातील एका गॅरेजात जे पहिले यंत्र विकायला काढले, ते हेच. कारखाना अगदीच नवा वाटू नये म्हणून त्याला २००-ए असा भारदस्त क्रमांक दिला आणि किंमत ठेवली ५४ डॉलर ४० सेंट! हा आकडा अमेरिकेतील एका जुन्या सीमावादाच्या घोषणेतला. वॉल्ट डिस्ने यांच्या कंपनीने 'फँटेशिया' या १९४० च्या चित्रपटाच्या ध्वनीकामासाठी सुधारलेली आठ यंत्रे घेतली.

युक्ती समजायला सोपी आहे. दोन रेझिस्टर आणि दोन कपॅसिटर यांची एक जोडणी मॅक्स वीन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९१ मध्ये मोजमापासाठी योजली होती. तिच्यातून एकाच कंपनसंख्येचा सूर मागेपुढे न सरकता पार होतो, पण येताना एक तृतीयांश उरतो. तेव्हा अँप्लिफायरने तो बरोबर तिप्पट करून पुन्हा आत पाठवावा, म्हणजे चक्र चालू राहते. सगळी गोम या 'बरोबर' शब्दात आहे. २.९९ पट केले तर सूर हळूहळू विझतो. ३.०१ पट केले तर तो फुगत जातो, वीजपुरवठ्याच्या मर्यादेला टेकतो आणि लहरीचे माथे सपाट कापले जातात. अशी अचूक तिप्पट कोणत्याही सुट्या भागांतून कायमची मिळत नाही.

ह्यूलेटने तिथे एक छोटा विजेचा दिवा बसवला. दिवा उजेडासाठी नव्हे. तार तापली की तिचा रोध वाढतो, एवढाच त्याचा उपयोग. सुरुवातीला तार थंड, रोध कमी, म्हणून सूर तिपटीहून जास्त वाढतो. सूर वाढला की तार तापते, रोध चढतो, आणि वाढ तीन पटींवर येऊन थांबते. शिवाय तार सावकाश तापते व सावकाश निवते. म्हणून ती प्रत्येक लहरीला टोकत नाही, सरासरीवर लक्ष ठेवते, आणि लहरीचा आकार बिघडत नाही. हेच काम डायोड लावूनही होते, पण डायोड दर माथ्याला हात घालतो आणि सूर थोडा मळतोच. दिव्यालाही मर्यादा आहेच. सूर फार खर्जातला असेल तर तारेला दर लहरीत दोनदा तापायला व निवायला सवड मिळते, आणि त्या थरथरीतून तिप्पट कंपनांचा नको असलेला सूर जन्मतो.

आम्ही १६ किलोओहमचे दोन रेझिस्टर व १० नॅनोफॅरडचे दोन कपॅसिटर घेऊन सुमारे ९९५ हर्ट्झचा सूर योजला. दिवा २८ व्होल्ट, ४० मिलिअँपिअरचा, आणि त्याच्यासमोर ४३० ओहम. म्हणजे दिवा २१५ ओहमवर स्थिरावला की झाली तिप्पट. डाग देण्यापूर्वी सगळे संगणकावर चालवून पाहावे म्हणून एलटीस्पाइस हा फुकट मिळणारा प्रोग्राम घेतला. त्याचे मूळ कुळ म्हणजे बर्कली विद्यापीठात १९७३ साली जाहीर झालेला स्पाइस.

बटण दाबले, आणि पडद्यावर सरळ रेघ! तासभर जोडणी तपासली, चूक कुठेच नाही. मग ध्यानात आले की खऱ्या मंडलात बारीकसा गोंगाट असतो, त्यातूनच सूर उगवतो. संगणकातले मंडल मात्र पूर्ण नि:शब्द, त्याला हलायला कारणच नाही. एका कपॅसिटरवर आरंभी थोडा दाब ठेवला तेव्हा झोपाळा हलला. दिवाही तिथे घडवावा लागला. कपॅसिटर म्हणजे तारेतली उष्णता, रेझिस्टर म्हणजे बाहेर झिरपणारी उष्णता, असे रूपक मांडून. नंतर डिस्टॉर्शनचा आकडा भलताच मोठा आला आणि आम्ही आयसीला बोल लावला. बिचारा निर्दोष होता. संगणक लांब ढांगा टाकत हिशोब करीत होता आणि साठवताना मधले बिंदू गाळीत होता. ढांग लहान केली, गाळणे बंद केले, दिवा स्थिरावेपर्यंत थांबलो आणि पूर्ण लहरींचाच तुकडा मोजला, तेव्हा आकडा झपाट्याने खाली आला. डिस्टॉर्शन मोजणाराच डिस्टॉर्शन घालतो, हे आम्हांला ठाऊक असायला हवे होते!

याहून किती पुढे जाता येते, ते अमेरिकन अभियंता जिम विल्यम्स यांच्या १९९० च्या टिपणात आहे. ह्यूलेटचाच आराखडा घेऊन दिव्याच्या जागी अधिक काटेकोर नियंत्रण बसवून त्यांनी डिस्टॉर्शन ०.०००३ टक्क्यांपर्यंत उतरवले. आम्हांला झाकरीसाठी एवढे नको होते.

पेटी तयार झाली, आणि कपॅसिटर बदलून ४७ नॅनोफॅरडचे लावले की २१२ हर्ट्झचा सूरही मिळू लागला. एका शनिवारी मंडळाच्या खोलीत अँप्लिफायर जोडला. त्याची लहर पडद्यावर पाहिली, ती चढत्या आवाजालाही गुळगुळीत. मग स्पीकर लावला, आणि २१२ च्या सुराला तीच ओळखीची घरघर. पुढची जाळी काढली तर कागदी शंकूची कड बोटभर उसवलेली. खजिनदारांनी वाकून पाहिले, काही न बोलता वही मिटली, आणि घरून गोंदाची ट्यूब आणायला मुलाला पिटाळले.